स्क्रूला गोंद की ग्रीस?

आज ज्या वस्तूबद्दल बोलायचे आहे ती इतकी लहान आहे, की हातातून निसटली तर जमिनीवर बॅटरी मारून शोधावी लागते. ती वस्तू म्हणजे स्क्रू. आपल्या प्रत्येकाचा त्याच्याशी रोज संबंध येतो. कुकरची मूठ हलायला लागली, की आपण सुरीच्या टोकाने तिचा स्क्रू आवळतो. चार दिवसांनी मूठ पुन्हा हलते. उलट विहिरीवरच्या पंपाचा बोल्ट चार वर्षांनी काढायला जावे, तर तो जागचा हलत नाही. पाना घसरतो, बोल्टचे डोके गोल होते आणि शेवटी छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. थोडक्यात, जो राहायला हवा तो सुटतो आणि जो सुटायला हवा तो राहतो.

या दोन तक्रारींवर कारखान्यांत दोन औषधे वापरतात. पहिले म्हणजे आटे धरून ठेवणारा पातळ गोंद. त्याला थ्रेडलॉकर म्हणतात. आपले मेकॅनिक मात्र कोणत्याही कंपनीच्या अशा गोंदाला लॉकटाइटच म्हणतात. दुसरे म्हणजे आटे जाम होऊ न देणारे, धातूची पूड घातलेले ग्रीस. त्याचे नाव ॲन्टी-सीझ. दोन्ही औषधे चांगली आहेत, पण एकाच्या जागी दुसरे लावले तर रोग बरा होण्याऐवजी वाढतो. हे नीट समजून घेण्यासाठी आज मी उदाहरण घेणार आहे ते नेमबाजाच्या रायफलचे. या एकाच वस्तूत सुटणारे स्क्रूही आहेत आणि जाम होणारे आटेही आहेत. शिवाय इथे चूक झाली तर ती मुठीच्या हलण्यावर थांबत नाही.

रायफल नेमबाजी आपल्या महाराष्ट्राला परकी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. या ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. म्हणजे शर्टाच्या साध्या बटणाएवढा.

आता एक छोटे गणित करू. रायफलवर मागे एक आणि पुढे एक अशा दोन साइट असतात. त्यांच्यातले अंतर ८० सेंटीमीटर धरा. मागच्या साइटचा स्क्रू जरासा सैल झाला आणि साइट मिलिमीटरचा फक्त दहावा भाग सरकली, म्हणजे साधारण एका जाड केसाएवढी. ५० मीटरवर ही चूक सुमारे ६ मिलिमीटर होते. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. तिथे मधोमध बसणारा १०.९ चा नेम एवढ्या चुकीने १०.१ च्या आसपास येतो. खेळाडूचा श्वास, हात आणि डोळे सगळे बरोबर असते, फक्त एक स्क्रू बरोबर नसतो. आणि तो बिचारा आपला श्वासच तपासत बसतो!

स्क्रू मुळात धरून ठेवतो कसा? बहुतेकांना वाटते, की आटे एकमेकांत अडकतात म्हणून. खरे कारण वेगळे आहे. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. पोलाद असले तरी ते रबरासारखे, अगदी थोडे, लांबते. ताणलेला बोल्ट पुन्हा आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. म्हणजे बोल्ट ही एक कडक स्प्रिंगच. तिच्यातला ताण आणि त्यातून आलेले घर्षण यांच्या जोरावर जोड टिकतो.

पाना फिरवताना आपण जेवढा जोर लावतो, त्यातला फार थोडा भाग हा ताण निर्माण करण्यात जातो. ढोबळमानाने निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो, चाळीस टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि उरलेले दहा टक्के खऱ्या कामाला येतात. हे प्रमाण लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

मग आवळलेला बोल्ट आपोआप सुटतो का? याचे समाधानकारक उत्तर मिळाले ते १९६९ मध्ये. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले, की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे फार घातक असतात. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले, की क्षणभर आट्यांतली पकड सुटते आणि बोल्ट केसभर उलटा फिरतो. असे पुन्हा पुन्हा झाले, की तो हाताने निघण्याइतका सैल होतो. युंकरच्या पद्धतीची चाचणी आजही वापरात आहे. आपला ज्यावर मोठा विश्वास असतो तो स्प्रिंग वॉशर या चाचणीत फारसा टिकत नाही.

रायफलमध्ये प्रत्येक गोळीबरोबर असा हादरा बसतो. दुर्बीण असेल, तर धक्क्यासरशी रायफल मागे जाते आणि दुर्बिणीचे वजन जागेवरच राहायला बघते. ही ओढाताण नेमकी आडवी असते आणि ती झेलतात ते दुर्बिणीच्या पट्टीचे चार छोटे स्क्रू. आता गोंदाची गरज कुठून येते ते कळले असेल.

या गोंदाची गोष्ट गमतीची आहे. अमेरिकेत हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजमध्ये व्हर्नन क्रीबल हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करत असे. त्या कंपनीकडे एक विचित्र द्रव होता. त्यात सतत हवा सोडत राहिले तर तो पातळ राहायचा आणि हवा बंद केली की घट्ट व्हायचा. असा माल दुकानात ठेवणार तरी कसा? क्रीबल यांनी प्रयोग करून बाटलीत शांतपणे टिकणारे मिश्रण तयार केले आणि १९५३ मध्ये कंपनी काढली. १९५६ मध्ये लॉकटाइट या नावाने ते लोकांपुढे आले.

या गोंदाचे वागणे आपल्या नेहमीच्या गोंदाच्या उलट असते. साधा डिंक हवेत वाळतो. हा हवेतल्या प्राणवायूमुळे पातळ राहतो. आट्यांच्या फटीत शिरला, प्राणवायू तुटला आणि भोवती लोखंड किंवा तांब्यासारखा धातू असला, की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कडक प्लॅस्टिक तयार होते. म्हणून त्याची बाटली मुद्दाम अर्धवट भरलेली असते आणि तिचे प्लॅस्टिक हवा आत येऊ देणारे असते. दुकानदाराने माल कमी दिला असे समजून भांडू नका. ती रिकामी जागाच आतला गोंद जिवंत ठेवते.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. एक म्हणजे स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू यांच्यावर हा गोंद सावकाश धरतो, कारण हे पृष्ठभाग रसायनाच्या दृष्टीने थंड असतात. तिथे आधी प्रायमर लावतात किंवा जास्त वेळ देतात. साध्या पोलादावर पंधरा-वीस मिनिटांत पकड येते, तरी पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. संध्याकाळी गोंद लावून सकाळी सामन्याला निघणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. दुसरे म्हणजे आटे स्वच्छ हवेत. नव्या स्क्रूवरही तेलाचा पातळ थर असतो. तो ॲसिटोनने पुसला नाही, तर गोंद धातूला चिकटण्याऐवजी तेलाला चिकटतो.

हा गोंद वेगवेगळ्या ताकदीत मिळतो. रंग ही फक्त खूण आहे आणि सगळ्या कंपन्या तीच पाळतील असे नाही, म्हणून बाटलीवरचा क्रमांक वाचावा. पण सर्वसाधारण चालीप्रमाणे जांभळा सौम्य असतो. तो ६ मिलिमीटरपेक्षा बारीक स्क्रूंसाठी. निळा मध्यम, साध्या पान्याने सुटणारा. लाल मात्र कायमचा म्हणावा असा. तो सोडवायचा तर जोड सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. दुर्बिणीजवळच्या बारीक स्क्रूला लाल लावणाऱ्याने पुढचा विचार केलेला नसतो. दुर्बिणीत नायट्रोजन भरून ती रबरी कड्यांनी बंद केलेली असते. स्क्रूला दिलेली आच त्या कड्यांपर्यंत पोहोचली तर दोनशे रुपयांच्या गोंदापायी दुर्बीण जाते.

आता दुसऱ्या औषधाकडे वळू. ॲन्टी-सीझ म्हणजे ग्रीसमध्ये कालवलेली तांबे, ॲल्युमिनियम किंवा निकेलची बारीक पूड. काहींत ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड असते. उष्णतेने ग्रीस जळून गेले तरी पूड मागे राहते आणि दोन धातूंना एकमेकांपासून वेगळे ठेवते.

धातू जाम का होतात? तीन कारणे. पहिले, गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून फटीत तयार झालेला गंज आटे दाबून धरतो. दुसरे, दोन वेगळ्या धातूंची ओल्या हवेतली रासायनिक झटापट. ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू असेल आणि मध्ये खारट ओल असेल, तर तिथे एक बारीकसा विद्युतघटच तयार होतो आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. आपल्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तिसरे कारण सगळ्यांत फसवे. स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्याच आट्यांत आवळताना वरचा संरक्षक थर खरवडला जातो आणि उघडे पडलेले धातू थंडच एकमेकांना वेल्डिंग केल्यासारखे चिकटतात. गंज नाही, धूळ नाही, वस्तू नवी कोरी, तरीही आटे मध्येच अडकतात. जोर लावला तर बोल्ट तुटतो, पण मागे येत नाही.

रायफलमध्ये अशा जागा ठरलेल्या आहेत. नळी जिथे मुख्य सांगाड्यात आट्यांनी बसते, तो जोड मोठ्या ताकदीने आवळलेला असतो आणि वर्षानुवर्षांनी नळी बदलताना तो सुटायला हवा असतो. म्हणून तिथे कारागीर ॲन्टी-सीझ किंवा तशाच जातीचे ग्रीस लावतात. छऱ्याच्या बंदुकीच्या तोंडाशी जी बदलती चोक नळी बसते, तिलाही हेच. तोंडाने दारू भरायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुका अमेरिकेत शिकारीसाठी अजून वापरतात. त्यांच्या मागच्या बुचाला तर ते हवेच. काळ्या दारूची राख हवेतली ओल शोषून घेते आणि धातू खाते. बूच दर सफाईला काढावे लागते. एका हंगामात कोरडे बसवलेले बूच पुढच्या हंगामात निघेलच असे नाही.

एक अपवाद सांगतो. अमेरिकेतल्या एआर जातीच्या रायफलींत ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर पोलादी नट बसतो. तिथे मॉलिब्डेनमचे ग्रीस सांगितलेले असते आणि ग्रॅफाइट असलेले टाळायला सांगतात, कारण ओल असताना ग्रॅफाइट ॲल्युमिनियमचा गंज वाढवते. म्हणजे सगळी ॲन्टी-सीझ सारखी नसतात.

नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवलेला मझल ब्रेक ही आणखी एक अडचणीची जागा. हादरे आहेत म्हणून तो सुटायला बघतो, आणि तापमान इतके चढते की साधा गोंद मऊ पडतो. नेहमीचे थ्रेडलॉकर १५० अंशांच्या आसपास दम तोडते. तिथे रॉकसेट नावाचा, सिरॅमिकवर आधारलेला पदार्थ वापरतात. तो हजार अंशांच्या आसपासची उष्णता सोसतो. गंमत अशी, की एवढी आग सोसणारा हा पदार्थ पाण्यात भिजत ठेवला तर सैल पडतो.

आणि काही जागांवर दोन्ही औषधे नकोत. रायफलचा धातूचा सांगाडा दस्त्याला धरून ठेवणारे दोन-तीन मोठे स्क्रू असतात. ते किती आवळले यावर गोळ्यांचा नेमकेपणा अवलंबून असतो, म्हणून खेळाडू ते टॉर्क पान्याने मोजून आवळतात आणि आकडा वहीत लिहून ठेवतात. दस्ता लाकडी असेल तर पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि स्क्रूखाली दबतेही. असा स्क्रू सैल लागला तर तो उलटा फिरला म्हणून नव्हे, त्याच्याखालचे लाकूडच मागे सरले म्हणून. गोंद फक्त फिरणे थांबवतो, दबलेले लाकूड तो वर आणणार कसा? इथे खरा उपाय म्हणजे स्क्रूभोवती लाकडात ॲल्युमिनियमची नळकांडी बसवणे आणि वेळोवेळी टॉर्क तपासणे.

दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रूही असेच. पट्टीच्या स्क्रूंना सौम्य किंवा मध्यम गोंदाचा थेंब चालतो. पण दुर्बिणीला वरून कवटाळणाऱ्या कड्यांच्या स्क्रूंना काही लावू नका, असे कडी बनवणाऱ्या अनेक कंपन्या बजावतात. कारण मघाचे घर्षणाचे प्रमाण आठवा. गोंद ओला असताना वंगणासारखा वागतो. घर्षण कमी झाले, की पान्यावरचा आकडा तोच राहूनही स्क्रूमधला ताण वाढतो. मघाशी दहा टक्के जोर कामाला येत होता, तो आता बारा-पंधरा टक्के येतो. या कड्यांना साधारण २ न्यूटन-मीटरचा पीळ पुरतो. म्हणजे दहा सेंटीमीटर लांब ॲलन कीच्या टोकाला दोन किलोचे वजन टांगल्याएवढा. दुर्बिणीची नळी पातळ ॲल्युमिनियमची. जास्त ताण आला तर ती दबते आणि आतली भिंगे हलवणारी यंत्रणा अडकते. ॲन्टी-सीझच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा, कारण ते तर वंगणच. म्हणून आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला आहे की वंगण लावलेल्या, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय पाना उचलू नये.

आता शेवटची जागा आणि सर्वांत नाजूक, म्हणजे चाप. चापाच्या डबीत केसाएवढ्या फटीत काम करणारे भाग असतात. तिथे पोहोचलेल्या एका थेंबाने काय होऊ शकते, याचे उदाहरण नोंदलेले आहे. ११ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीने एक्स-मार्क प्रो हा चाप असलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफली परत मागवल्या. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या रायफलींसाठी ही सूचना होती. कंपनीने दिलेले कारण असे, की जोडणीच्या वेळी वापरलेला चिकटवण्याचा पदार्थ काही चापांत गरजेपेक्षा जास्त गेला असावा आणि त्यामुळे चाप न ओढताही गोळी सुटू शकेल. मालकांना सांगण्यात आले, की रायफल वापरणे ताबडतोब थांबवा आणि स्वतः दुरुस्तीचा प्रयत्न करू नका. परत आलेल्या रायफलींचे चाप साफ करून, तपासून आणि पुन्हा चाचणी घेऊन देण्याची व्यवस्था कंपनीने केली.

कल्पना करा. आठ वर्षांचे उत्पादन, आणि प्रश्न एका जास्तीच्या थेंबाचा. ज्या कारखान्यात यंत्रे, मापे आणि तपासनीस आहेत तिथे हे घडू शकते, तर घरच्या टेबलावर बाटली उलटी धरून चापाच्या स्क्रूवर गोंद सोडणाऱ्याने काय समजावे? पातळ गोंद फटीतून वाहत जातो, कारण वाहत जाणे हेच त्याचे काम आहे. तो स्क्रूपाशी थांबेल असे तुम्ही गृहीत धरता, तो मात्र पुढे चापाच्या खाचेपर्यंत जातो.

आपल्याकडे तर कायद्याचाही प्रश्न आहे. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा विषय आहे. साइट, दुर्बीण, दस्त्याचे स्क्रू यांची देखभाल खेळाडू प्रशिक्षकाच्या नजरेखाली करतात. चाप आणि नळी यांना हात लावायचा तो परवानाधारक कारागिराने. आणि साधा स्क्रू आवळण्यापूर्वीसुद्धा रायफलमध्ये काडतूस नाही, हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे. माहीत आहे म्हणून सोडून द्यायचे नाही.

एवढे सगळे लक्षात ठेवणे कठीण वाटत असेल, तर स्क्रू हातात घेतल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा हादऱ्याने सुटेल का? सुटणार असेल तर गोंद, तोही पुरेल इतका सौम्य, आट्यांवर एक थेंब आणि बाहेर आलेला लगेच पुसून. हा गंजाने, उष्णतेने किंवा धातूला धातू चिकटून जाम होईल का? होणार असेल तर ॲन्टी-सीझ, पातळ थर, आणि पान्याचा आकडा कमी करून. आणि तिसरा प्रश्न, हा मला वारंवार तपासायचा आहे का? तसे असेल तर स्वच्छ कोरडे आटे, मोजून आवळणे आणि स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर जाणारी रंगाची एक बारीक रेघ. रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू फिरला. यासाठी नेलपॉलिशची बाटली पुरते. एकाच स्क्रूवर दोन्ही औषधे मात्र कधीच नकोत, कारण ग्रीस लागलेल्या आट्यांना गोंद धरत नाही.

हेच प्रश्न तुमच्या स्कूटरच्या आरशाला, सायकलच्या पेडलला आणि पंपाच्या बोल्टलाही विचारता येतील. पेडल दर दोन वर्षांनी काढायचे असते, तिथे ग्रीस हवे. आरसा रोज थरथरतो, तिथे निळा थेंब हवा. कुकरच्या मुठीला मात्र यातले काहीही लावू नका. तिथे उष्णता आहे, वाफ आहे, अन्न आहे आणि प्लॅस्टिक आहे. हा गोंद काही प्लॅस्टिकना तडे पाडतो. तिथे मूठ झिजली असेल तर नवी बसवावी, हेच बरे.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)